चुन्यातला गूळ, काँक्रीटमधली साखर

रोमनांची पोत्सुओलीची राख, स्मीटनचे एडिस्टोन दीपगृह, 1824 सालचे अ‍ॅस्पडिनचे पोर्टलंड सिमेंटचे पेटंट, हे काँक्रीटच्या वंशावळीतील टप्पे सर्वश्रुत आहेत. खडी टणक, धुतलेली व लहानमोठी असावी आणि पाणी हात राखून घालावे, हा पाठही कोणताही मुकादम देईल. या वंशावळीत क्वचितच नोंदली जाणारी एक शाखा मात्र आपल्या गुऱ्हाळातून निघते, असे माझे ठाम मत आहे.

1837 साली फ्रेंच अभियंता विका याच्या चुन्यावरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. भाषांतरकार होते मद्रास इंजिनिअर्सचे कॅप्टन स्मिथ. मूळ ग्रंथास आपल्या टिपा जोडताना, चुना मळण्याच्या पाण्यात थोडा गूळ विरघळवण्याची हिंदुस्थानातील प्रथा त्यांनी आवर्जून नमूद केली. बैलाच्या घाणीत चुना, वाळू व सुरखी भरडताना गुळाचे पाणी शिंपडणाऱ्या गवंड्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. तरीही साध्या पाण्यापेक्षा साखरेच्या पाण्यात चुना कितीतरी अधिक विरघळतो, हा गुण त्याच्या हाताने हेरलेला होता.

आता प्रतिपक्ष पाहू. आधुनिक मिश्रकांचा, म्हणजे काँक्रीटचे गुण बदलण्यासाठी त्यात अल्प प्रमाणात घालायच्या द्रव्यांचा, उगम 1930 च्या दशकात कागद-कारखान्यांच्या सांडपाण्यातील लिग्नोसल्फोनेटात शोधावा, गुळाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, असे म्हणणारे आहेत. त्यांचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गुळाने चुना बळकट होतो, तर साखरेने सिमेंटचा जम लांबतो, मग एकाच द्रव्याचे हे दोन परस्परविरुद्ध परिणाम एका कुळात कसे बसवावे?

माझे उत्तर असे की, विरोध द्रव्यात नसून मात्रेत व काळात आहे. सिमेंटच्या वजनाच्या अवघा 0.05 टक्के, म्हणजे पन्नास किलोच्या गोणीमागे पंचवीस ग्रॅम, साखर पडली तर जम सुमारे चार तास लांबतो व आरंभीचे बळ घटते. पण आठवड्यानंतर तेच काँक्रीट साखरविरहित काँक्रीटच्या थोडे पुढेही जाते. मात्रा एक टक्क्यापर्यंत चढली, की जम जवळजवळ होतच नाही. साखरेचे रेणू सिमेंटच्या कणांवर चिकटून जलसंयोग रोखतात. चुन्याची विद्राव्यता वाढते तीही याच रेणूंच्या कॅल्शियमविषयीच्या ओढीमुळे. ग्लुकोजपासून बनणारे सोडियम ग्लुकोनेट उन्हाळ्यात दूरवर न्यायच्या काँक्रीटमध्ये आज घालतात, ते याच ओढीच्या जोरावर. मळीही त्याच कामी येते, आणि तिच्यामुळे कमी पाण्यात मिश्रण मऊ होते. पाणी घटले की सुकल्यावर उरणारी छिद्रे घटतात, आणि बळ व टिकाऊपणा दोन्ही वाढतात.

स्मिथच्या टिपांतून ही विद्या लिग्नोसल्फोनेटाच्या संशोधकांपर्यंत पोहोचली, असा दावा मी करीत नाही. तसा दुवा कागदोपत्री दिसत नाही. परंतु कुळ केवळ हस्तांतरणाने ठरत नाही, द्रव्याच्या स्वभावानेही ठरते. त्या न्यायाने पाहता, मिश्रकाच्या पिंपावर आज कोणाचेही नाव असो, त्याच्या पूर्वजांत घाणीजवळच्या गवंड्याची गणना झालीच पाहिजे.