फॅक्सच्या ढिगाखालची साथ

आजची गोष्ट एका फॅक्स मशीनपासून सुरू करू.

जुलै २०२०. अमेरिकेतलं ह्यूस्टन शहर, हॅरिस काउंटीचं सार्वजनिक आरोग्य खातं. कोरोना ऐन भरात आहे आणि फॅक्स मशीन थांबायला तयार नाही. चाचण्यांचे रिपोर्ट शेकड्यांनी बाहेर पडतायत, जमिनीवर कागदांचा खच. काही रिपोर्ट दोनदा आलेले, काहींवर रुग्णाचा फोन नंबर नाही, पत्ता नाही. आता सांगा, पत्ताच नसेल तर संपर्कातली माणसं शोधायची कशी?

इंटरनेट जिथे जन्मलं त्या देशात हे का व्हावं? त्यासाठी जरा मागे जाऊ.

१८७८ साली अमेरिकी संसदेनं मरीन हॉस्पिटल सर्व्हिसकडे एक काम सोपवलं. परदेशातल्या अमेरिकी वकिलातींकडून कॉलरा, देवी, प्लेग आणि पीतज्वर, या चार रोगांच्या खबरी गोळा करायच्या. रोग जहाजातून यायचे, तेव्हा बंदरावर कुणाला अडवायचं हे आधी कळायला हवं. पुढे १८९३ मध्ये देशातली राज्यं आणि शहरं यांच्याकडूनही दर आठवड्याला माहिती घ्यायचा कायदा झाला.

पण एक मेख होती, ती आजही आहे. डॉक्टरांनी रोग कळवलाच पाहिजे, ही सक्ती करायचा अधिकार राज्यांचा. राज्यांनी तो पुढे केंद्राला कळवणं मात्र ऐच्छिक. म्हणजे सगळा कारभार समजुतीवर चाललेला. त्यामुळे इथे प्रमाणीकरण वरून हुकूम काढून होणार नव्हतं, ते बसून ठरवावं लागणार होतं.

१९८४ मध्ये सीडीसीनं सहा राज्यांना हाताशी धरून एक प्रयोग केला. कागदाऐवजी संगणकावरून आकडे पाठवायचे. सॉफ्टवेअर तुमचं तुम्ही वापरा, पण पाठवताना नोंदीचा साचा एकच ठेवा. १९८९ पर्यंत पन्नासही राज्यं यात आली.

मग लक्षात आलं की साचा एक झाला, पण आतला अर्थ? एका राज्यात डॉक्टरनं निदान केलं की तो रुग्ण धरला जायचा, दुसऱ्यात प्रयोगशाळेचा दाखला लागायचा. अशा आकड्यांची बेरीज करून काय कळणार? म्हणून १९९० मध्ये सीडीसी आणि राज्यांच्या साथरोगतज्ज्ञांनी मिळून कोणत्या आजाराचा रुग्ण कशाला म्हणायचं, याच्या व्याख्या छापल्या. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वात मोठं पाऊल. त्यात यंत्र कुठेच नव्हतं, होती ती फक्त भाषा.

तिसरा प्रश्न प्रयोगशाळांचा. एकीकडे निकाल 'पॉझिटिव्ह', दुसरीकडे 'रिअ‍ॅक्टिव्ह', तिसरीकडे नुसता आकडा. माणसाला कळतं, संगणकाला नाही. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या एचएल-सेव्हन संस्थेनं निरोपाचं व्याकरण बांधलं, कोणती माहिती कुठल्या जागी लिहायची ते. १९९४ मध्ये इंडियानापोलिसच्या रीजनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमध्ये लॉइंकचं काम सुरू झालं. प्रत्येक चाचणीला एक ठरलेला सांकेतिक क्रमांक. एक व्याकरण, दुसरा शब्दकोश.

उपयोग झाला का? हवाई राज्यात १९९८ साली तीन प्रयोगशाळांचे अहवाल आपोआप पाठवून पाहिले. जुन्या पद्धतीपेक्षा २.३ पट जास्त अहवाल आले, आणि सरासरी ३.८ दिवस आधी. साथीत चार दिवस म्हणजे फार झाले हो!

मग २०२० मध्ये फॅक्स कुठून आला? क्षयरोग, लैंगिक आजार, एचआयव्ही, प्रत्येकाच्या कार्यक्रमाचा वेगळा निधी आणि वेगळी यंत्रणा. हे तुकडे जोडायला शतक बदलताना 'नेडस' नावाचा उपक्रम आला. २००९ च्या कायद्यानं रुग्णालयांना संगणकीकरणासाठी भरघोस पैसा मिळाला. पण आरोग्य खात्यांच्या वाट्याला तसा ओघ आला नाही. पाठवणारा तयार, घेणारा मागे. त्यात कोरोनात नव्या, छोट्या चाचणी केंद्रांची भर पडली. त्यांच्याकडे ही जोडणी नव्हतीच, होता तो फॅक्स.

आपल्याकडेही हाच प्रवास आहे. १९९४ च्या सुरतच्या प्लेगनं डोळे उघडले आणि २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तीन फॉर्म. आरोग्यसेविकेला वाटलेला संशय 'एस'मध्ये, डॉक्टरचं निदान 'पी'मध्ये, प्रयोगशाळेचा निकाल 'एल'मध्ये. एप्रिल २०२१ मध्ये त्याचं नवं डिजिटल रूप आलं, आजारांची संख्या १८ वरून ३३ झाली. पण उपकेंद्रातल्या ताईंनी काय पाहिलं आणि वरच्याला काय समजलं, हे एकच असलं पाहिजे. ते नसेल, तर टॅबलेट दिला काय आणि फॅक्स दिला काय, सारखंच.

आज इथेच थांबू. भेटू पुढच्या भागात.