वायफाय जाळ्याची सुरक्षा (घर व लहान कार्यालय)

घरातल्या किंवा लहान कार्यालयातल्या वायफायमध्ये परक्याला शिरता येऊ नये, त्यावरून जाणारी माहिती कोणाला वाचता येऊ नये आणि राउटरचा ताबा दुसऱ्याकडे जाऊ नये, यासाठी केलेली व्यवस्था. तार कुठवर गेली आहे ते डोळ्यांना दिसते, रेडिओलहरींचे तसे नसते. दिवाणखान्यातला राउटर जिन्यात, खालच्या मजल्यावर आणि बऱ्याचदा पार्किंगमधल्या गाडीतही पकडता येतो. त्यामुळे लहरी अडवत बसण्यात अर्थ नाही. त्या कोणी पकडल्या तरी काही उमगू नये, असे कूटलेखन करणे हाच खरा बंदोबस्त.

पहिली पद्धत डब्ल्यूईपी. वायफायच्या १९९७च्या ८०२.११ मानकाबरोबर ती आली. तिच्यात माहितीच्या प्रत्येक तुकड्यासाठी (पाकिटासाठी) बदलणारा आकडा अवघा २४ बिटांचा होता, त्यामुळे वर्दळीच्या जाळ्यावर तो काही तासांतच पुन्हा येई. २००१ मध्ये फ्लुहरर, मँटिन आणि शमीर यांनी तिच्यातला मूलभूत दोष दाखवला आणि २००७ पर्यंत जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी ती मिनिटाभरात फोडून दाखवली. मधल्या काळात जुन्याच यंत्रांवर चालावी म्हणून डब्ल्यूपीए ही तात्पुरती डागडुजी २००३ मध्ये आली. २००४ मधील डब्ल्यूपीए२ने एईएस हे भक्कम कूटलेखन आणले. डब्ल्यूपीए३ २०१८ची. आज राउटरवर डब्ल्यूपीए३ असेल तर ती, नसेल तर एईएससह डब्ल्यूपीए२ निवडावी. याहून जुने काहीही ठेवू नये.

उघड्या जाळ्याचा धडा महाराष्ट्राला २००८ मध्ये मिळाला. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरापर्यंत पोचला. त्याच्या वायफायला कुलूप नव्हते आणि ईमेल पाठवणारे दुसरेच होते. पुढचे ईमेल माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. आयपी पत्त्यावरून जोडणी कोणाच्या नावावर आहे एवढेच कळते, ती वापरली कोणी हे कळत नाही. पोलीस मात्र आधी जोडणीधारकाच्याच दारी येतात. २००९च्या सुरुवातीला मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन अशी उघडी जाळी शोधत रस्त्यांवर फिरले होते.

आता जाळी उघडी सहसा नसतात, पण पासवर्ड दुबळे असतात. डब्ल्यूपीए२मध्ये फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार संदेशांची देवाणघेवाण होते. ती कोणी टिपून ठेवली की पुढचे अंदाज त्याला घरी बसून, राउटरला पत्ता न लागू देता करता येतात. आपल्याकडे सर्वांत लाडका पासवर्ड म्हणजे घरमालकाचा मोबाइल क्रमांक. भारतीय मोबाइल क्रमांक दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतो, म्हणजे शक्यता फार तर चारशे कोटी. ताकदीचे एक ग्राफिक्स कार्ड डब्ल्यूपीए२चे सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासते. हिशेब तासाभराच्या थोडा पुढे जातो. शिवाय तोच क्रमांक सोसायटीच्या नोंदवहीत, दुकानाच्या पाटीवर आणि लग्नपत्रिकेवर असतो, मग कार्डाचीही गरज नाही! नाव आणि जन्मसालाची जोडीही अशीच पोकळ. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द, चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे, रोमन लिपीत सलग लिहावेत. पाहुण्याला सांगायला सोपे आणि यंत्राला फोडायला अवघड. डब्ल्यूपीए३मध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावे लागते, म्हणून घरी बसून हिशेब चालत नाही.

दुसरा पासवर्ड बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतो, तो राउटरच्या व्यवस्थापन पानाचा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा काहीसा पत्ता टाकला की हे पान उघडते आणि अनेक ठिकाणी नाव व पासवर्ड दोन्ही ‘ॲडमिन’च असतात. तिथे पोचलेला माणूस डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून ते कुठे आहे हे सांगणाऱ्या यंत्रणेचा, पत्ता बदलू शकतो. मग आपण बँकेचा पत्ता बिनचूक टाइप केला, तरी बनावट पान उघडू शकते. ब्राझीलमध्ये २०११च्या सुमारास सुमारे ४५ लाख मोडेमांचे डीएनएस असेच बदलले गेले होते. हा पासवर्ड बसवणाऱ्या तंत्रज्ञाच्या हजेरीतच बदलून घ्यावा. बाहेरून व्यवस्थापनाची सोय बंद ठेवावी आणि फर्मवेअरचे (राउटरमधल्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट आपोआप होतील असे पाहावे. २०१७ मध्ये मथी व्हानहुफ यांनी दाखवलेला ‘क्रॅक’ हा दोष डब्ल्यूपीए२च्या आखणीतलाच होता. अपडेट घेतलेल्या यंत्रांवर तो बुजला, न घेतलेल्यांवर राहिला.

डब्ल्यूपीएसची, म्हणजे पासवर्डऐवजी पिन टाकून जोडणी करण्याची, सोयही बंद करावी. आठ आकडी पिनमधला शेवटचा आकडा पडताळणीचा असतो आणि पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, त्यामुळे एक कोटीऐवजी ११ हजार प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्ये उघड झाले.

जाळ्याचे नाव लपवणे आणि परवानगी असलेल्या यंत्रांच्या मॅक पत्त्यांची (ओळखक्रमांकांची) यादी करणे, हे दोन उपाय हौसेने सांगितले जातात. दोन्ही कुचकामी. फोन जोडला जाताना नाव हवेत उघडे होतेच, आणि मॅक पत्ता ऐकून त्याची नक्कल करता येते. नाव बदलण्याचा मात्र एक खरा फायदा आहे. डब्ल्यूपीए२ नावालाही गणितात मिसळते आणि प्रचलित नावांसाठी आधीच करून ठेवलेली कोष्टके उपलब्ध आहेत. आगळे नाव ठेवले की ती निरुपयोगी. फ्लॅटचा क्रमांक किंवा आडनाव तेवढे टाळावे.

दवाखाना, क्लास किंवा सीएचे कार्यालय असेल तर पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट जाळे हवे. रुग्णांचे फोन, स्मार्ट टीव्ही आणि सीसीटीव्ही कॅमेरे त्यावर, हिशेबाचा संगणक आणि प्रिंटर मुख्य जाळ्यावर. रिसेप्शनच्या भिंतीवर, हात पोचेल इतक्या उंचीवर राउटर टांगलेला असतो आणि त्याच्या पोटावर पासवर्डचा स्टिकर असतो. राउटर तिथून हलवावा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये पासवर्ड राहतोच, तेव्हा त्याचा शेवटचा पगार झाला की पासवर्ड बदलावा. माणसे दहा-पंधराच्या पुढे गेली की एंटरप्राइझ पद्धत परवडते. तिच्यात प्रत्येकाला वेगळे खाते मिळते आणि एकाचे बंद केले तर बाकीच्यांना झळ लागत नाही.

जुना राउटर भंगारवाल्याला देण्याआधी मागच्या बारीक भोकात सुई घालून रिसेटचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवावे. जाळ्याचे नाव, पासवर्ड आणि काही वेळा इंटरनेट कंपनीच्या खात्याचा तपशीलही त्यात तसाच पडून असतो.