जुन्या गाडीचा गंज आणि फुफ्फुसातली वाळू

मागच्या महिन्यात रक्तदाब तपासायला आलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी जाता जाता विचारलं, "डॉक्टर, वडिलांची जुनी पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणतोय. गॅरेजवाला म्हणतो, सगळी बॉडी सँडब्लास्ट करून घेऊ. मला थोडा दमा आहे, त्या धुळीने काही होणार नाही ना?"

मी म्हटलं, "तुम्ही तिथे उभे राहू नका, म्हणजे तुमचं निभावेल. पण ज्याच्या हातात तो पाइप असेल, त्याचं काय?"

ते जरा गोंधळले. बाहेर पेशंट खोळंबले होते, त्यामुळे मला सविस्तर सांगता आलं नाही. त्या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो आज तुम्हा सगळ्यांनाच सांगतो.

काम नेमकं काय असतं?

जुनी गाडी नव्याने उभी करायची तर आधी इंजिन, काचा, सीट सगळं उतरवून नुसता सांगाडा उरवतात. त्यावर रंगाचे थर, प्रायमर, पुट्टी आणि खाली दडलेला गंज असतो. पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश कोपऱ्यांत, सांध्यांत पोहोचत नाही. मग कॉम्प्रेसरच्या हवेने बारीक कणांचा जोरदार मारा करतात. काही मिनिटांत पत्रा उघडा पडतो.

हे कण कशाचेही असू शकतात: पोलादाचे, गार्नेटचे, काचेच्या मण्यांचे, प्लास्टिकचे, खायच्या सोड्याचे. तांत्रिक भाषेत त्यांना 'मीडिया' म्हणतात. पण सुरुवात झाली ती वाळूने, म्हणून सँडब्लास्टिंग हे नाव कायमचं चिकटलं.

एकाच सुमारास दोन जन्म

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन या माणसाने १८७० साली वाळूच्या झोताचं पेटंट घेतलं. वाफेच्या किंवा हवेच्या दाबाने वाळू फेकायची, की काच कोरता येते, दगडावर अक्षरं उमटवता येतात, धातू साफ करता येतो. कल्पना इतकी सोपी आणि उपयोगी की ती लवकरच इंग्लंडमध्येही पोहोचली. पुढे ओतकामाचे कारखाने, जहाजबांधणी, पूल, टाक्या, सगळीकडे ती रुळली.

गंमत अशी, गंमत कसली, दुर्दैव असं की जवळपास त्याच सुमारास व्हिस्कोन्टी या इटालियन डॉक्टरने 'सिलिकोसिस' हा शब्द वापरात आणला. आजार मात्र फार जुना होता. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरच्या ग्रंथात अ‍ॅग्रिकोलाने लिहून ठेवलं आहे की कार्पेथियन डोंगरातल्या खाणींच्या भागात अशा बायका आढळतात ज्यांची सात सात लग्नं झाली, कारण एकेक नवरा धुळीने अकाली गेला. १७०० साली रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्यात पाथरवटांचा खोकला आणि धाप आहे. म्हणजे दगडाची धूळ माणूस मारते हे ठाऊक होतं. टिल्घमनच्या यंत्राने ती धूळ कॉम्प्रेसरच्या वेगाने तयार करायची सोय केली.

वाळू फुफ्फुसात काय करते?

नेहमीच्या वाळूत गारगोटीचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचा भाग मोठा असतो. डोळ्यांना दिसणारा कण नाकात किंवा घशात अडकतो, शिंकेबरोबर किंवा कफाबरोबर बाहेर पडतो. पण वाळू पत्र्यावर आपटून फुटते तेव्हा चार-पाच मायक्रॉनचे तुकडेही होतात. तुमचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांत उतरतात.

तिथे आपल्या भक्षक पेशी पहारा देत असतात. जंतू गिळून पचवणं हे त्यांचं काम. सिलिकाचा कणही त्या गिळतात, पण तो पचत नाही. उलट पेशीच फुटते आणि कण पुन्हा मोकळा होतो. मग दुसरी पेशी येते, तीही मरते. या सततच्या दाहामुळे तिथे वण तयार होतात, छोट्या कठीण गाठी बनतात आणि फुफ्फुस हळूहळू ताठर होत जातं. नुकत्याच फुटलेल्या सिलिकाचा पृष्ठभाग जुन्या धुळीपेक्षा जास्त घातक असतो, आणि ब्लास्टिंगमध्ये तर प्रत्येक कण नुकताच फुटलेला असतो.

म्हणून खाणीत किंवा दगडकामात जो आजार बहुधा दहा-वीस वर्षांनी दिसतो, तो सँडब्लास्टिंगमध्ये पाच-सात वर्षांतही दिसू शकतो. धूळ फारच दाट असेल तर त्याहूनही लवकर.

ज्यांनी मोजलं आणि ज्यांनी थांबवलं

ब्रिटनच्या कारखाना खात्यातले डॉक्टर मेरेवेदर यांनी १९३६ साली सँडब्लास्टिंग करणाऱ्या कामगारांचा हिशेब मांडला. ४४१ जणांपैकी २४ जण साडेतीन वर्षांत सिलिकोसिसने किंवा त्यासोबतच्या क्षयाने दगावले होते. १९४९ साली ब्रिटनने नियम करून ओतीव वस्तूंच्या ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरायला बंदी घातली. ब्लास्टिंग बंद केलं नाही, हे लक्षात घ्या. फक्त वाळू काढली आणि तिच्या जागी पोलादाचे कण वगैरे आणले. काम चालूच राहिलं.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने, नायॉशने, १९७४ साली अशीच बंदी सुचवली. ती देशभर लागू झाली नाही. १९९२ साली याच संस्थेला इशारा काढावा लागला. त्यात सँडब्लास्टिंगमुळे सिलिकोसिस झालेल्या ९९ जणांची नोंद होती, आणि १४ जण तोवर गेलेले होते. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं.

तरीही गोष्ट संपली नाही. जुन्यासारख्या दिसणाऱ्या जीन्सची फॅशन आली आणि तुर्कस्तानात लहान, बंद खोल्यांत तरुण पोरं कापडावर वाळू मारू लागली. २००५ साली तिथल्या डॉक्टरांनी पहिले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पुढे हे काम केलेल्यांची तपासणी झाली, तेव्हा एक्स-रे काढलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस निघाला. २००९ साली तुर्कस्तानने जीन्सवर सँडब्लास्टिंग करायला बंदी घातली. ब्रिटनच्या नियमाला तेव्हा साठ वर्षं झाली होती.

गाड्यांच्या जगात वाळू का मागे पडली?

गाडीचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. वाळूचा जोरदार मारा बसला की बॉनेट, छत, दरवाजे यांचे सपाट भाग वाकतात आणि ते सरळ करणं महाकठीण. म्हणून जाणकार कारागीर मऊ मीडियाकडे वळले. विमानांचा रंग रसायनांऐवजी प्लास्टिकच्या कणांनी काढायची पद्धत अमेरिकी हवाई दलाने १९८० च्या दशकात वापरात आणली, ती गाड्यांपर्यंत आली. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याची डागडुजी झाली, तेव्हा आतल्या तांब्यावरचा डांबराचा थर खायच्या सोड्याच्या माऱ्याने काढला. सोडा ब्लास्टिंग त्यानंतर बरंच लोकप्रिय झालं.

यातली एक गोष्ट मला खटकते. गॅरेजमध्ये वाळू मागे पडली ती पत्रा वाकतो म्हणून. पत्रा वाकलेला त्याच दिवशी दिसतो, मालक भांडतो, पैसे कापतो. फुफ्फुस आक्रसलेलं दहा वर्षांनी दिसतं, आणि तोवर तो कामगार दुसऱ्याच गावी असतो. म्हणूनच चासी, चाकांच्या रिम अशा जाड लोखंडावर, जिथे वाकायची भीती नाही, तिथे स्वस्तात मिळणारी वाळू अजूनही वापरली जाते.

आपल्याकडे, आणि माझी एक चूक

आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसला सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत घातलं आणि कळवायची जबाबदारी डॉक्टरवर टाकली. पण शेडमध्ये दोन-तीन पोरं कामाला असलेल्या ठिकाणी कारखान्याचे नियम सहसा पोहोचत नाहीत. आणि डॉक्टर तरी कळवणार कधी? आजार ओळखला तर.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे तिशीतला एक तरुण आला होता. खोकला, धाप, वजन घटलेलं. एक्स-रेमध्ये फुफ्फुसांच्या वरच्या भागात ठिपके. मी टीबीचं औषध सुरू केलं. थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण आपल्याकडे असा एक्स-रे दिसला की मनात पहिला टीबीच येतो. सहा महिन्यांनी फरक नाही, म्हणून पुन्हा औषध दिलं. शेवटी छातीरोगाच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "काम काय करतोस रे?" तो म्हणाला, "लोखंडी टाक्या वाळूने साफ करतो."

मी त्याला हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. त्या सगळ्या महिन्यांत तो माझ्या गोळ्या खाऊन रोज कामावर जात होता. दोन वर्षांनी त्याचा भाऊ काही कागद मागायला आला, तेव्हा तो गेल्याचं कळलं. लवकर काम सोडलं असतं तर तो वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. पण ती वर्षं मी वाया घालवली हे खरं आहे. तेव्हापासून माझ्या केस पेपरवर नावाखाली पहिली ओळ व्यवसायाची असते.

तुम्ही काय करू शकता?

गाडी ब्लास्ट करून घेणार असाल तर गॅरेजवाल्याला तीन प्रश्न विचारा.

१. मीडिया कोणता? नदीची, समुद्राची, कसलीही वाळू नको. काचेचे मणी चालतात. काचेतही सिलिका असतो, पण तो स्फटिकरूप नसतो, त्यामुळे सिलिकोसिसचा धोका तसा नाही.

२. जुना रंग कसला आहे? मीडिया सुरक्षित असला तरी उडणारी धूळ तुमच्या गाडीचीही असते. जुन्या गाड्यांच्या प्रायमरमध्ये, पिवळ्या-केशरी रंगांत आणि सांधे भरायच्या डाखात शिसं असू शकतं. ते श्वासातून रक्तात जातं, आणि कपड्यांवरून घरी लहान मुलांपर्यंतही पोहोचतं.

३. काम करणाऱ्याच्या डोक्यावर काय आहे? रुमाल, कापडी मास्क, सर्जिकल मास्क यांनी काही होत नाही. या कामाला नळीतून स्वच्छ हवा पुरवणारं हेल्मेट आणि धूळ खेचून घेणारी बंद खोली लागते. आजूबाजूला बघ्यांनीही थांबू नये.

आणि हे काम करणाऱ्या, पूर्वी केलेल्या प्रत्येकाला सांगतो: चढताना दम लागत असेल, कोरडा खोकला हटत नसेल, तर छातीचा एक्स-रे आणि फुफ्फुसांच्या क्षमतेची तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा, "मी वाळूचं काम केलंय." सिलिकोसिस पूर्ण बरा करणारं औषध आज नाही, पण धुळीपासून लवकर दूर झालात तर पुढची हानी कमी होऊ शकते. या रुग्णांना टीबीही सहज होतो, म्हणून थुंकीची तपासणी आणि जंतू सापडल्यास टीबीचे पूर्ण उपचार तितकेच महत्त्वाचे. विडी-सिगारेट असेल तर आजच बंद.

परवा ते गृहस्थ पुन्हा आले. पद्मिनीचं काम त्यांनी दुसऱ्या गॅरेजला दिलंय. तिथे बंद खोली आहे, हेल्मेट आहे आणि खर्च थोडा जास्त आहे. "वडिलांची गाडी आहे," ते म्हणाले, "कुणाच्या तरी पोराचा जीव घालून नको चकचकीत व्हायला." रक्तदाबही त्या दिवशी बरा होता.