स्टेपनी गेली, दिवा आला

डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा, नालासारखी खूण आणि आत उद्गारचिन्ह, टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगतो. (नाल नव्हे, तो टायरचा छेद आहे.) त्याची कुळकथा सहसा अमेरिकेपासून सांगतात. फायरस्टोनचे टायर फाटून फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटल्या, माणसं गेली, ऑगस्ट 2000 मध्ये सुमारे 65 लाख टायर परत मागवले आणि नोव्हेंबरात दिव्याची सक्ती करणारा कायदा झाला. सगळं खरं. पण सक्ती म्हणजे जन्म नव्हे. माझ्या मते या दिव्याचं कूळ स्टेपनीच्या घरात आहे.

त्यासाठी 1904 सालच्या वेल्समध्ये जावं लागतं. तेव्हा मोटारीचं चाक सहजी निघत नसे. पंक्चर झालं की भर रस्त्यात टायर उतरवत बसायचं. लॅनेली गावच्या डेव्हिस बंधूंनी आरे नसलेलं, हवा भरलेलं चाक काढलं. ते पंक्चर चाकाच्या रिमला बाजूने आकड्यांनी अडकवायचं आणि निघायचं. पत्ता स्टेपनी स्ट्रीट, म्हणून नाव स्टेपनी. हा मान लंडनच्या स्टेपनीला देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. पुढे अख्खं चाकच बदलता येऊ लागलं आणि मूळ वस्तू बाद झाली. नाव मात्र आपल्या गॅरेजांत टिकलं.

मग टायरवाल्यांनी हवा गेली तरी धावणारा, म्हणजे रन-फ्लॅट टायर केला, आणि माझी गाठ इथे पडते. त्याच्या बाजू इतक्या कडक की हवा गेल्याचा ड्रायव्हरला पत्ताच लागत नाही. तो त्याच वेगात हाकत राहिला तर टायर आतून तापून फाटतो. कोणीतरी सांगायला हवं! 1986 च्या पोर्शे 959 मध्ये हवा गेली तरी रिम न सोडणारे डनलॉप टायर होते, आणि प्रवासी मोटारीतली हवेच्या दाबावर नजर ठेवणारी पहिली यंत्रणाही. 1997 च्या कॉर्वेटमध्ये रन-फ्लॅट टायर, दाबाचे सेन्सर, आणि स्टेपनी गायब.

प्रतिपक्ष म्हणेल, या तर शर्यतीच्या जातीच्या गाड्या, दिवा वेगापायी आला. 1999 ची पुजो 607 आणि 2000 ची रेनो लागुना या दिवा असलेल्या घरगुती गाड्या त्यांना खोटं पाडतात. थोडी पंचाईत माझीही करतात, पण अमेरिकन कायद्याआधीच्या म्हणून मी त्यांना माझ्याच बाजूला बसवतो.

कायद्याने दिव्याची दोन घराणी मात्र उघडी पाडली. एकाचे सेन्सर चाकात बसतात. दुसरं एबीएसच्या सेन्सरवर फुकट जगतं: हवा कमी झालेलं चाक अंमळ लहान होतं, म्हणून इतरांपेक्षा जास्त फेरे घेतं. चारही टायर सारखेच उतरले तर तुलना कशाशी करणार? 2002 च्या नियमात एका टायरची हवा 30 टक्के घटल्यावर दिवा लागला तरी पुरे, अशी सोय या घराण्यासाठी होती. पब्लिक सिटिझन ही संघटना कोर्टात गेली आणि 2003 मध्ये ती सोय रद्द झाली. 2005 च्या नियमाने एक ते चार, कितीही टायरांतली 25 टक्के घट 20 मिनिटांत कळवायला लावली.

तेव्हा दिवा लागला की आपल्या गाडीचं घराणं आधी विचारा. हवा टायर थंड असताना भरा, दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. थंडीत पारा 10 अंश उतरला की दीडेक पीएसआय तसेच जातात. एबीएसच्या घराण्यातल्या गाडीला नंतर रीसेट करावं लागतं, आणि अर्धवट हवेवर केलं तर ती तोच दाब बरोबर मानून बसते. गाडी सुरू करताना दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिरावला, तर बिघाड यंत्रणेत आहे.

आणि माझा हुकमी पुरावा भारत सरकारचा. 2020 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम बदलले: ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल, तर प्रवासी गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल. मोकळ्या झालेल्या जागेत इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी मावेल, असंही सरकारने तेव्हाच सांगून टाकलं.