धुरा कसा सरकला

वऱ्हाडातल्या नांदगाव खंडेश्वरच्या काळ्या रानात कुणी तारेचं कुंपण घातलं की शेजारी पावलं टाकून पाहतो आणि म्हणतो, ‘धुरा (बांध) कोरला.’ कधी ते खरंही असतं. वखराची पास दरसाल वीतभर पुढे गेली की चार-सहा वर्षांत पऱ्हाटीचं एक तास वाढतं. पण पुष्कळदा चूक या दोघांच्या जन्माआधीची असते.

1853 साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे सोपवला. 1860च्या दशकात इथे मुंबई पद्धतीची मोजणी आली. तिचा उगमही एका फसलेल्या मोजणीत आहे. दख्खनमधली प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची मोजणी चुकांनी बदनाम झाली, तेव्हा 1835च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने सुरुवात केली. हाती शंकू साखळी : 33 फूट लांब, 16 आण्यांत विभागलेली. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एकर. ओढताना कड्या झिजतात, साखळी लांबते. ती इंचभर लांबली तरी 10 एकरांत 2 गुंठ्यांचा फरक पडतो. पुढे मोजणीच्या टिपणावरून नकाशा. इंचाला 660 फूट या मापाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर 13 फूट अडवते.

हद्दीला दगड रोवले, पण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दगड कलतात, बुजतात. निशाण्या जपण्याची जबाबदारी कायद्याने जमीनधारकावरच आहे, तरी वखरणीत आडवा आलेला दगड उचलून बाजूला टाकला जातो. त्यात 1947च्या कायद्याने विखुरलेल्या तुकड्यांचं एकत्रीकरण आलं. काही ठिकाणी सातबारा एका तुकड्याचा आणि वहिवाट दुसऱ्याची, असा घोळ झाला. भावाभावांच्या वाटण्या तर तोंडीच.

आता रोव्हर हे मोजणीचं यंत्र उपग्रहाच्या आधाराने बिंदू अचूक दाखवतं. मात्र हद्द कुठे, हे त्याला जुन्या अभिलेखावरूनच सांगावं लागतं. म्हणून खांब रोवण्याआधी टिपणाची नक्कल काढावी, दोघांनी मिळून हद्द कायम मोजणी मागावी. ती पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी आहे. एकमेकांची जमीन 12 वर्षं कसणाऱ्यांसाठी जानेवारी 2023 मध्ये सलोखा योजना आली : अदलाबदलीच्या दस्ताला 1000 रुपये मुद्रांक शुल्क, 1000 रुपये नोंदणी फी. दोन गुंठ्यांच्या दाव्यात याहून कितीतरी जास्त पैसा जातो आणि शेजार कायमचा तुटतो. आजोबांच्या काळातल्या साखळीची चूक नातवांनी कुऱ्हाडीने निस्तरू नये.