मोडीचें वळण आणि संगणकाच्या भाषा

मनुष्य नवी भाषा शिकूं लागला म्हणजे शब्द त्याला लवकर येतात, व्याकरण त्याहून उशिरा येतें. पण जुन्या भाषेचें वळण हातांतून सर्वांच्या शेवटीं जातें, आणि पुष्कळदां जातच नाहीं. बोलण्याच्या भाषांविषयीं हें सर्वांस ठाऊक आहे. संगणकास आज्ञा देण्यासाठीं गेल्या सुमारें सत्तर वर्षांत ज्या कृत्रिम भाषा निर्माण झाल्या, त्यांच्याविषयींही तें तितकेंच खरें आहे. आमच्या नवी मुंबईंत या भाषांवर ज्यांचा चरितार्थ चालतो अशीं माणसें आतां आळोआळीं भेटतात. महापे किंवा ऐरोली येथील कचेरींत शिरणारा तरुण कॉलेजांत 'सी' शिकलेला असतो; तेथें त्याला 'पायथॉन' लिहावयास सांगतात, आणि थोड्याच दिवसांत त्याचें लिखाण शेऱ्यांनीं भरून परत येतें. आज्ञावली बिनचूक चालत असते. शेरे असतात ते नांवें कशीं जोडावीं, ओळ किती लांब असावी, अर्धविराम कशास दिला, याविषयींचे. चालतें आहे तर बिघडलें कोठें, असें तो चिडून विचारतो. आणि हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाहीं. त्याचें उत्तर शोधतांना आमच्याच घरांतला एक जुना दाखला फार उपयोगीं पडतो.

पेशवाईंतला कारकून मोडी लिहावयास बसला म्हणजे प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखालीं अक्षरें लटकवीत जाई. दोन शब्दांमध्यें जागा नाहीं, विरामचिन्ह नाहीं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाहीं. हें अज्ञान नव्हे. लिहिणाराला वेग हवा होता, आणि वाचणारा बहुधा दुसरा कारकूनच असल्यामुळें पत्राचा मायना त्याच्या ओळखीचा असे. पुढें छापखाने निघाले, शाळा निघाल्या, आणि वाचणारा अनोळखी झाला. तेव्हां बालबोधाला महत्त्व आलें. मोल्सवर्थच्या कोशाला ज्यांनीं हातभार लावला त्या मेजर थॉमस कँडी यांनीं 1850 सालीं 'विरामचिन्हांची परिभाषा' हें पुस्तक काढलें, आणि इंग्रजी विरामचिन्हें मराठींत रुजूं लागलीं. मोडींत घडलेल्या हाताला हा सारा खटाटोप पोरकट वाटला असल्यास नवल नाहीं. स्वल्पविरामावांचून त्यांचें राज्य चाललें होतें! पण 1874 सालीं सुरू झालेल्या 'निबंधमाले'तलें चिपळूणकरांचें एखादें लांब पल्ल्याचें वाक्य मोडीच्या रीतीनें सलग लिहून पाहावें, म्हणजे या चिन्हांनीं आपल्याला काय दिलें तें कळेल.

आय.बी.एम. कंपनीनें 1957 सालीं जगापुढें आणलेली 'फोर्ट्रान' ही संगणकाच्या भाषांतली मोडीच म्हणावी लागेल. तिचा कागद म्हणजे 80 रकान्यांचें, छिद्रें पाडावयाचें कार्ड. पहिले पांच रकाने ओळीच्या क्रमांकाला, सहावा मागील ओळ पुढें चालू आहे हें दाखविण्याला, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत प्रत्यक्ष आज्ञा. उरलेल्या आठांचा अर्थाशीं संबंध नाहीं. अक्षरें सगळीं इंग्रजी मोठ्या लिपींतलीं. आणि गंमत अशी कीं शब्दांमधल्या मोकळ्या जागेला कांहींच किंमत नसे. जागा सोडा वा न सोडा, यंत्र सारें जोडूनच वाची. मुंबईंत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 1964 सालीं सीडीसी 3600 हें यंत्र आलें, आणि आपल्याकडील शास्त्रज्ञांनीं कार्डें पाडून ही भाषा त्यावर गिरविली.

1773 सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याच्यामागें 'धरावें' या शब्दाचें कोणीं 'मारावें' केलें, अशी आख्यायिका आहे. 'ध'चा 'मा' करणें हा वाक्प्रचार तिच्यांतूनच आला. फोर्ट्रानमध्यें एका टिंबानें असाच अनर्थ होई. 'डू 10 आय = 1, 10' याचा अर्थ, 'आय'ला 1 पासून 10 पर्यंत किंमती देत दहा क्रमांकाच्या ओळीपर्यंतचें काम पुन:पुन्हां कर. स्वल्पविरामाच्या जागीं टिंब पडलें कीं यंत्र सारें जोडून 'डू10आय' नांवाची एक नवीच राशि कल्पी, तिला 1.10 ही किंमत देई, आणि चकार शब्द न काढतां पुढें जाई. पुनरावृत्तीचा पत्ताच नाहीं.

1960 सालच्या 'अल्गोल'नें रकाने सोडले आणि दोन आज्ञांमध्यें अर्धविराम घातला. पुढच्या दशकांतल्या 'पास्कल' व 'सी' यांनीं तीच वाट धरली. 'सी'नें तर लहान व मोठ्या लिपींतलें अक्षर भिन्न मानलें. बालबोधानें ऱ्हस्व-दीर्घ मानावे तसें. लिहिणाराला मोकळीक मिळाली, आणि मोकळीक आली म्हणजे चालीरीती आल्याच. कर्निहन व रिची यांच्या 1978 सालच्या पुस्तकांतली महिरपी कंसांची मांडणी असंख्य लोकांनीं उचलली. कंस ओळीच्या शेवटीं कीं नव्या ओळीवर, यावरून चांगलीं शहाणीं माणसें अजून हमरीतुमरीवर येतात. यंत्राला त्याचें सोयरसुतक नाहीं. 1991 सालीं आलेल्या पायथॉननें निराळाच डाव टाकला: जी नुसती चाल होती तिचें व्याकरण केलें. 'सी'मध्यें ओळ आंत घेणें ही वाचणारावरची मेहेरबानी. पायथॉनमध्यें ती चुकली तर यंत्र अडतें, किंवा अर्थ पालटतो. उलट अर्धविराम 'सी'मध्यें अनिवार्य. पायथॉन तो खपवून घेतें, पण तेथल्या लोकांना तो खेडवळ वाटतो.

आमच्या तरुणाची खरी अडचण येथें आहे. यंत्राचा कायदा कोणता आणि माणसांचा रिवाज कोणता, ही सीमारेषा भाषेगणिक सरकते, आणि ती कोठें आहे हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. शेरे देणारे वरिष्ठही रिवाजाला शास्त्राचा मान देतात, हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. पायथॉनच्या 2001 सालच्या शैलीनियमांत ओळ 79 अक्षरांहून लांब नसावी असें आहे. या आंकड्यांत ईश्वरी संकेत नाहीं. 80 अक्षरी पडद्यांचा तो वारसा आहे, आणि त्या पडद्यांमागें आय.बी.एम.नें 1928 सालीं काढलेलें कार्ड उभें आहे. तरीही नियम पाळावा, असेंच आम्ही त्या तरुणास सांगूं. त्याचें लिखाण उद्यां जो दुरुस्त करील तो मायना ओळखणारा शेजारचा कारकून नाहीं. तो कदाचित् दुसऱ्या खंडांत बसलेला परका असेल.

अर्थात् हात लवकर वळत नाहीं. मराठींत 1962 सालीं अनुच्चारित अनुस्वार गाळावयाचें ठरलें, तरी तीं टिंबें कोणाकोणाच्या लेखणींतून अजून गळत असतात. हें पानच पाहा ना! 2009 सालीं निघालेल्या 'गो' भाषेच्या कर्त्यांनीं तर माणसाच्या हातावर भरंवसाच ठेविला नाहीं. तिच्याबरोबर त्यांनीं एक साधन दिलें; कसेंही लिहा, तें तुमचा मजकूर एकाच ठराविक मांडणींत बसवून देतें. आणि खुद्द फोर्ट्राननें 'फोर्ट्रान 90' या आवृत्तींत रकान्यांची सक्ति उठविली, मोकळ्या लिखाणांत शब्दांमधल्या जागेला अर्थ दिला. त्यानंतरही जुने फोर्ट्रानवाले ओळ सुरू करण्यापूर्वीं सहा जागा मोकळ्या सोडीतच राहिले.