आंबट पेयें आणि मुकीं जनावरें

पाश्चात्य देशांत पाळीव कुत्र्यामांजरांना आंबवलेला चहा पाजण्याची चाल अलीकडे पडली आहे. ‘कोंबुचा’ ह्या नांवानें हें पेय आपल्याकडील शहरांतही विकलें जातें, आणि ‘नैसर्गिक उपाय’ असें त्याचें वर्णन केलें जातें. जनावराला आंबट पेय औषध म्हणून देण्याची कल्पना महाराष्ट्राला मात्र नवी नाहीं. तिचें बरेंवाईट समजून घ्यावयाचें, तर जेथें जनावरांवरच संसार चालले, अशा हिंगोलीसारख्या मुलुखाकडे पाहावें.

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजीं. पण गांवाचा लौकिक जुना आहे. निजामाच्या राज्यांत हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी येथें होती. ती १९०३ सालीं उठली. ह्या फौजेंत घोडदळ असे, आणि घोडदळ म्हटलें की घोड्यांचा वैद्य, म्हणजे सालोत्री, आलाच. हा शब्द शालिहोत्र ह्या प्राचीन अश्ववैद्याच्या नांवावरून आलेला आहे. हत्तींच्या चिकित्सेवरील पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ सालीं छापला. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या ‘मानसोल्लासां’तही हत्तीघोड्यांच्या जोपासनेला स्थान आहे.

आयुर्वेदानें पेज आंबवून केलेली कांजी औषधांत सांगितली. शेतकऱ्याच्या घरीं तेंच काम ताकावर भागे. सूक्ष्म जंतू दुधांतील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करितात, म्हणून ताक आंबट होतें. तें घरचें, ताजें आणि पिढ्यांच्या परिचयाचें असे.

तथापि ह्या उपायालाही मर्यादा होती. गाईबैलांच्या कोठीपोटांत असंख्य सूक्ष्म जंतू चारा आंबवून पचवितात. खळ्यावर मोकळ्या सुटलेल्या बैलानें ज्वारीचे दाणे भरमसाट खाल्ले, तर तेथें आम्ल झपाट्यानें वाढतें. अशा वेळीं आम्ल उतरविणारा खाण्याचा सोडा उपयोगी पडतो; आंबट पेय अपायच करील. उलट जनावरानें युरिया खत चाटलें, तर कोठीपोटांत अमोनिया वाढतो, आणि तेथें व्हिनेगर उपकारक ठरतें. पोट दोन्ही वेळां फुगलेलें दिसतें. औषध मात्र अगदीं उलट. एकानें जीव वाचतो, त्यानेंच दुसऱ्या प्रसंगीं तो जाऊं शकतो.

आंबवलेल्या चहाला तर पिढ्यांच्या अनुभवाचाही आधार नाहीं. मांचुरियाकडून ही रीत रशियांत व पुढें जर्मनींत पसरली, असें सामान्यतः मानतात. हिंदुस्थानांत चहाच्या प्रचारासाठीं उपकर बसविणारा कायदा झाला तो १९०३ सालीं, म्हणजे हिंगोलीची छावणी उठली त्याच वर्षीं. तेव्हां ह्या पेयासाठीं शालिहोत्राची साक्ष काढतां येत नाहीं. साखर घातलेल्या चहांत जंतू व यीस्ट वाढवून तें करितात. त्यांत ॲसेटिक आम्ल, थोडें मद्यार्क आणि कॅफीन असतें. पैकीं मद्यार्क व कॅफीन कुत्र्यामांजरांस विषारी आहेत. कॅफीन अधिक झाल्यास उलट्या होतात, छाती धडधडते व झटके येतात. १९९५ सालीं अमेरिकेंतील आयोवा राज्यांत रोज असा चहा पिणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तांत आम्ल वाढून त्या अत्यवस्थ झाल्या व एक दगावली. चहाच कारण होता, असें सिद्ध झालें नाहीं. तरी सावध होण्यास एवढें पुरे आहे.

ज्या बुळकांडीनें पूर्वीं गोठेच्या गोठे ओस पाडले, तिच्यापुढें कांजी किंवा ताक कांहींच चाललें नाहीं. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें, परभणीस १९७२ सालीं. रोगाचें कारण शोधून लस तयार झाली, गांवोगांव टोचली गेली, आणि २०११ सालीं बुळकांडी जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. हिंगोली-परभणीकडील लाल कंधारी बैलाला तें अभय कोणत्याही घरगुती पेयानें दिलेलें नाहीं.

मुकें जनावर आपली व्यथा सांगूं शकत नाहीं, आणि पाजलेलें औषध नाकारण्याचें बळही त्याच्यापाशीं फारसें नसतें. म्हणून औषध आंबट असावें की गोड, घरचें की बाजारचें, हा प्रश्न नंतरचा. रोग कोणता, हा पहिला.